गाडी नंतर, आधी फाइल दाखवा

नवी क्रेटा घ्यायला निघालेला माणूस संध्याकाळी दहा वर्षं जुन्या बीएमडब्ल्यूचे फोटो पाठवतो आणि विचारतो, "भाव तोच आहे, मग हीच का घेऊ नये?" असे फोटो हल्ली फार येतात. पाच सीरिज, ई-क्लास, ऑडी ए-सिक्स. नवी असताना चाळीस-पन्नास लाखांची गाडी आता दहा-बारा लाखांत. बोनेट चकचकीत, आतलं लेदर पॉलिश केलेलं, चाकांच्या कमानीलासुद्धा काळा रंग मारलेला.

घ्या. मी अडवणार नाही. या गाड्या खरंच फार चांगल्या असतात. पुण्याहून कोल्हापूरपर्यंत एका बैठकीत जा, उतरल्यावर पाठ दुखत नाही. पावसात अचानक ब्रेक मारावा लागला तर गाडी सरळ रेषेत उभी राहते. इतकं चांगलं यंत्र आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती मरतं, याचा मला राग येतो, म्हणून हे लिहितोय.

किंमत उतरली आहे ती गाडीची. सुट्या भागांची उतरलेली नाही. गाडी दहा लाखांना मिळाली म्हणून तिचा हेडलॅम्प, तिचा इंजेक्टर, तिच्या सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर दहा लाखांच्या गाडीचा होत नाही. तो पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो आणि बिलही त्याच हिशेबानं येतं. म्हणून माझा साधा नियम आहे. दहा लाखांची गाडी घ्यायची तर खात्यात तेरा लाख पाहिजेत. वरचे तीन पहिल्या वर्षासाठी बाजूला. दहा लाख जमवताना दमछाक होत असेल, वर कर्जही काढावं लागत असेल, तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. नवी क्रेटा घ्या, सुखानं चालवा.

आता या गाड्या सहाव्या-सातव्या वर्षी का कुरकुरायला लागतात, ते बघू. जर्मनीत नव्या मोटारींपैकी निम्म्याहून जास्त मोटारी कंपन्यांच्या नावावर नोंदल्या जातात. साहेबाला गाडी कंपनी देते. ती खासगी कामाला वापरली तर गाडीच्या मूळ किमतीच्या एक टक्का रक्कम दर महिन्याला त्याच्या उत्पन्नात धरतात आणि त्यावर कर लावतात. तीनेक वर्षांचा करार संपला की गाडी परत आणि नवी दारात. अशा गाड्या शेकड्यांनी घेणारा हिशेबनीस एकच बघतो : या तीन वर्षांत सर्व्हिसला किती लागेल? आकडा लहान दिसला तर ऑर्डर पक्की. मग गाडीच्या कंपन्या आकडा लहान करतात. युरोपात इंजिन ऑइल बदलायचं अंतर पंचवीस-तीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत ताणलं गेलं ते यातूनच. पहिल्या मालकाचे पैसे वाचतात. ते बिल दुसऱ्या मालकाच्या नावावर चढतं, आणि दुसरा मालक म्हणजे तुम्ही.

सगळ्यांत वाईट प्रकार गिअरबॉक्सच्या तेलाचा. पाच सीरिजमधला आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झेडएफ कंपनी बनवते. ही कंपनी स्वतः सांगते की, वापर बघून ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला. बीएमडब्ल्यूनं मात्र वर्षानुवर्षं सांगितलं की, हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे, बदलायची गरज नाही. बनवणारा बदला म्हणतो, विकणारा नको म्हणतो आणि गाडीसोबतच्या पुस्तिकेत विकणाऱ्याचं छापलं जातं. हे मला अजिबात मान्य नाही. ते तेल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर आतले क्लच जोडले आणि सोडले जातात. क्लच झिजून निघालेला बारीक कचरा त्याच तेलात फिरतो आणि केसाएवढ्या वाटांमधल्या झडपांमध्ये अडकायला लागतो. मग दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना हलकासा झटका. वर्षभरानं मोठा झटका. त्यानंतर लाखांचं काम. त्यात या गिअरबॉक्सचा खालचा पॅन प्लॅस्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला असतो, म्हणजे तेलासोबत पॅनही नवा लागतो. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, ठरावीक तापमानालाच बघायची असते. कोपऱ्यावरच्या गॅरेजनं "साहेब, तेल बदलून टाकलं" म्हटलं तर पॅनचं बिल मागा. पॅनचं बिल नाही, तर काम झालेलं नाही.

म्हणून मी गाडी बघायला जातो तेव्हा आधी फाइल मागतो. कुठल्या तारखेला, किती किलोमीटरला, काय बदललं, त्याची बिलं. विकणारा म्हणतो, "साहेब, डॉक्टरांची गाडी आहे. एकहाती. फक्त रविवारी काढायचे." मालक डॉक्टर होता की वकील, त्यानं काय फरक पडतो? एकहाती आहे का ते आरसीवर दिसतं, कर्जाचा बोजा आहे का तेही दिसतं, चलनं थकली असतील तर तीही ऑनलाइन दिसतात. त्याच्या तोंडून ऐकायची गरज नाही. आणि फक्त रविवारी काढलेली गाडी ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. उभ्या गाडीची बॅटरी खाली बसते, टायर कडक होतात, रबरी होज आणि बुश जागच्या जागी तडकतात. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर हायवेवर पळालेली आणि वेळेवर सर्व्हिस झालेली सव्वा लाख किलोमीटरची गाडी मी डोळे झाकून निवडीन. तीस हजार किलोमीटरची, बिनकागदाची नको.

फाइल हरवली म्हणाला, तर उठा आणि घरी या. दुसरी गाडी मिळेल.

फाइल मिळाली, तर पुढचं काम सकाळी करा. विकणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की इंजिन चालू करून ठेवायचं नाही. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर त्यानं काहीतरी लपवलंय. बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेल इंजिनात, ज्याला सगळे एन-सत्तेचाळीस म्हणतात, टायमिंग चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. २००७ ते २०११ च्या सुमारास बनलेल्या इंजिनांमध्ये ही चेन आणि तिचे गाइड वेळेआधी झिजायचे. थंड इंजिन चालू करताना मागून खडखड आवाज येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो. चेन तुटली तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन संपतं. वेळीच बदलायची तरी गिअरबॉक्स किंवा आख्खं इंजिन उतरवावं लागतं. कारण जागाच तशी. चेन मागे का ठेवली याची कारणं इंजिनिअर देतील, पण दुसऱ्या मालकाचा विचार त्यात नव्हता, एवढं नक्की.

मग स्कॅनर. दोन हजारांचं ब्लूटूथ डोंगल फोनला जोडून भागत नाही. त्यात इंजिनाच्या चार-दोन त्रुटी दिसतात, बस्स. बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडीला ओडिस ही कंपन्यांची स्वतःची प्रणाली आहे. ती चालवणारा माणूस गाठा आणि त्याची फी आनंदानं द्या. मीटर मागे फिरवणारे लोक डॅशबोर्डवरचा आकडा बदलतात. पण या गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद इतर युनिटांमध्येही पडून असते. डॅशबोर्डवर ६० हजार आणि आत कुठे १ लाख ४० हजार निघाले, तर वाद घालत बसू नका, निघा. आदल्या रात्री सगळ्या त्रुटी पुसून ठेवल्या असतील, तर तेही कळतं, कारण गाडीनं स्वतःच्या चाचण्या अजून पूर्ण केलेल्या नाहीत असं स्कॅनर दाखवतो.

पुण्यात एका जुन्या मिस्त्रींबरोबर मी अशीच एक ई-क्लास बघायला गेलो होतो. गाडी दिसायला देखणी. मिस्त्रींनी इंजिनाकडे बघितलंही नाही. मागचं दार उघडलं, सीट बेल्ट धरला आणि ओढायला लागले. आपण कमरेपुरता ओढतो, त्यांनी रीळ संपेपर्यंत ओढला. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली, जी कधीच बाहेर येत नाही. तिच्यावर आडवी तपकिरी रेघ. बोट फिरवलं तर बारीक गाळ बोटाला. "भाऊ, हिनं पाणी बघितलंय," एवढंच म्हणाले आणि बेल्ट सोडून दिला. सीटच्या रुळाखाली हात घालायला लावला, तर बोल्टांची डोकी गंजलेली. वरून सगळं नवं होतं. मॅट नवे, लेदर पॉलिश, आत अत्तराची बाटली. विकणारा तोवर फोनवर बोलत दूर जाऊन उभा राहिला होता.

बुडालेल्या गाड्या हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली. अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्या गाड्या भंगार म्हणून काढतात, कुणीतरी त्या घेतो, सुकवतो आणि दुसऱ्या राज्यात विकतो. जर्मन गाडीत हे फार घातक, कारण बारीक वायरिंग आणि नियंत्रक युनिटं गालिच्याखाली आणि डिकीत असतात. पाच सीरिजची तर बॅटरीही डिकीत खाली असते. पाणी शिरलं की लगेच काही होत नाही. वर्ष-दीड वर्षानं कनेक्टर हिरवे पडतात आणि गाडी रोज वेगळीच तक्रार सांगायला लागते. सीट बेल्ट ओढायला पैसे पडत नाहीत. ओढा.

आणखी एक ढीग दिल्लीहून येतो. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. म्हणून डीएल पाटीच्या गाड्या पडेल भावात इकडे येऊ लागल्या. स्वस्त का, हे विकणारा खरं सांगतो. जे सांगत नाही ते असं : दहाव्या वर्षी गाडी शहराबाहेर जाणारच हे मालकाला ठाऊक असेल, तर आठव्या वर्षीच तो तिच्यावर खर्च करणं थांबवतो. तुम्हाला मिळते ती दोन वर्षं न सांभाळलेली गाडी. शिवाय तिकडची एनओसी, इकडची नोंदणी, इकडचा रस्ता कर. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही, हे कायद्यातच आहे. ते सगळं जोडा आणि मग स्वस्त पडतेय का बघा.

काही गाड्या मी शक्यतो टाळा म्हणतो. २०१५ च्या आधीची दोन लिटर डिझेल ए-सिक्स. ती आपल्याच शेंद्र्याच्या, छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात जोडली जायची, म्हणून आपल्याला तिचं कौतुक. पण तिच्यात मल्टिट्रॉनिक नावाचा पट्टा-साखळीवरचा गिअरबॉक्स आहे. ऑडीनं त्याचं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलायला सांगितलं होतं. तरी बाजारात येणाऱ्या किती गाड्यांचं ते बदललेलं असतं? बिल दाखवलं तर घ्या, नाहीतर नको. दुसरी, २००६ च्या आधीची ई-क्लास. तिच्यात ब्रेक पॅडलचा संदेश विजेनं जाऊन पंप ब्रेक दाबतो. हे युनिट ब्रेक किती वेळा दाबला ते मोजतं, आणि मर्यादा संपली की आख्खं युनिट बदलायला सांगतं. २००४-०५ मध्ये मर्सिडीजनं या ब्रेकसाठी जगभरातून लाखो गाड्या परत बोलावल्या आणि पुढच्या सुधारित मॉडेलमधून ही व्यवस्था काढूनच टाकली. कंपनीनं जे स्वतः सोडलं ते तुम्ही तीन लाखांना कशाला घेता?

हवेच्या सस्पेन्शनची गाडी घ्यायची तर रात्री उभी करून सकाळी बघा. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर त्या कोपऱ्यातली रबरी पिशवी गळतेय. पिशवी किलोमीटरनं म्हातारी होत नाही, वर्षांनी होते. ती थोडी गळते, म्हणून कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो आणि शेवटी जळतो. लोक कॉम्प्रेसर बदलतात, पिशवी तशीच ठेवतात, आणि नवा कॉम्प्रेसरही जातो. आधी पिशवी. हा क्रम मेकॅनिकला सांगायला लाजू नका.

गाडी घेतलीत? मग पहिल्याच आठवड्यात सगळी तेलं, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदला, आधीच्या मालकानं कालच बदललं असं म्हटलं तरी. इंजिन ऑइल डब्यावरच्या जाहिरातीवरून घेऊ नका, कंपनीनं ठरवलेला दर्जा बघून घ्या. बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०४, मर्सिडीजला २२९.५१ किंवा २२९.५२, ऑडीला ५०७.०० असे आकडे डब्याच्या मागे छापलेले असतात. गाडीला कुठला लागतो ते पुस्तिकेत दिलंय. आणि बदला दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल तेव्हा. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली तर नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करून घ्या. नाही केली तर गाडी जुनीच बॅटरी समजून चार्ज करत राहते.

सुट्या भागांबद्दल शोरूमचं सगळं खरं मानू नका. सस्पेन्शनचे आर्म लेमफर्डर बनवते, शॉक अॅब्सॉर्बर झाक्स, दिवे हेला, इंजेक्टर बॉश. त्यांच्या स्वतःच्या डब्यातला भाग गाडी कंपनीच्या शिक्क्याच्या डब्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो. नाशिकच्या सातपूरमध्ये बॉशचा कारखाना आहे. जुन्या लोकांना तो मायको म्हणून माहीत आहे. तिथं डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनतात. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दोन्हीकडे माल मिळतो. पण ब्रेक पॅड, फिल्टर आणि तेल यात बनावट माल फार आहे, तो बिल देणाऱ्याकडूनच घ्या. कुर्ल्याहून बुडालेल्या गाडीचं नियंत्रक युनिट तर कधीच नको.

शोरूमला शिव्या घालायच्या तर एका कामासाठी घालू नका. चासी नंबर घेऊन जा आणि त्या गाडीवर कुठला रिकॉल बाकी आहे का विचारा. रिकॉलचं काम फुकट असतं, मालक कितवाही असो. डिझेलच्या धुराच्या घोटाळ्यानंतर पुण्याच्या एआरएआयनं तपासण्या केल्या, आणि २०१५ च्या डिसेंबरात फोक्सवॅगन समूहानं भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. त्यात ऑडीही होत्या. तुमच्या त्या काळातल्या ऑडीचं काम झालंय का, हे तुम्ही विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही.

टायरचं लवकर आटपतो. बीएमडब्ल्यूत बहुधा रनफ्लॅट असतात, स्टेपनी नसते. हवा गेली तरी ८० च्या वेगानं ८० किलोमीटर जाता येतं, असं गणित. आपल्या खड्ड्यांत कडेची भिंत फाटली तर ते गणित संपतं. टायरच्या खर्चात काटकसर करणाऱ्यानं या गाड्यांच्या वाटेला जाऊ नये.

जपलं तर या गाड्या काय करतात याचा दाखला ग्रीसमध्ये आहे. ग्रेगोरिओस साचिनिदिस नावाच्या टॅक्सीवाल्यानं १९७६ ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली. इंजिनं तो आलटून पालटून बसवायचा, आणि २००४ मध्ये कंपनीनं ती गाडी आपल्या संग्रहालयासाठी घेतली. तो श्रीमंत नव्हता. वेळेवर काम करून घ्यायचा.

मला मुख्य तक्रार करायची आहे ती वेगळ्याच ठिकाणी. जर्मनीत गाडी नवी असली तरी तीन वर्षांनी सरकारमान्य तपासणी होते, पुढे दर दोन वर्षांनी. ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, गंज, दिवे, टायर, धूर. नापास झाली तर दुरुस्त करून परत आणायची. म्हणून तिथल्या दहा वर्षांच्या ई-क्लासखाली कुणीतरी चार-पाच वेळा दिवा धरून बघितलेलं असतं. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. मध्ये फक्त पीयूसी, आणि ती धूर बघते. बॉल जॉइंट सुटायला आलाय की नाही, हे बघायला कायद्यानं कुणाला बांधलेलं नाही. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. त्यातल्या ज्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांची पंधरा वर्षं २०२५ मध्ये भरली. मधल्या काळात किती हातांतून गेल्या असतील! आणि कायद्यानं त्यांच्या फिटनेसची पहिली तपासणी आली ती तेव्हा.

मालकी बदलताना आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरतात. विमा बघतात, पीयूसी बघतात. गाडीखाली कुणी वाकत नाही. पावणेदोन टनांच्या आसपासची, ताशी दोनशेच्या वर पळू शकणारी गाडी एका सहीवर दुसऱ्याच्या हाती जाते. पाच वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची मालकी बदलताना ब्रेक, सस्पेन्शन आणि टायरची तपासणी सक्तीची करा आणि तिचा अहवाल आरसीला जोडा. व्यावसायिक वाहनांसाठी स्वयंचलित तपासणी केंद्रं उभी राहतच आहेत, त्यांतच एक रांग खासगी गाड्यांसाठी ठेवा. फी हजार-दोन हजार रुपये लावा. ती मी पहिल्यांदा भरीन.